गाणं निजवणारे हिरूदादा

हिरूदादा भोईर आमच्या घरून निघतात तेव्हा ते नक्की कधी गेले हे सांगता येत नाही. सोफ्यावरून उठताना "चला, येतो मग" हे चांगलं खणखणीत आवाजात होतं. दारात पुन्हा "येतो मग", जरा हळू. जिन्याच्या वळणावर "येतो", आणखी हळू. खालून नुसती गुणगुण ऐकू येते, आणि ती शेजारच्या लूमच्या खडखडाटात कधी मिसळली ते कळत नाही. तोवर मी दाराची कडी धरून उभा. मधेच दार लावलं तर अपमान केल्यासारखं दिसतं, उघडं ठेवलं तर डास आत येतात. दिवसभर पडघ्याच्या गोदामात उभा राहून आलेल्या माणसाला शेजाऱ्याच्या निरोपासाठीही इतकं उभं राहावं लागावं, हे मला पटत नाही. पण दादांपुढे इलाज नाही.

हा माणूस कुठलीच गोष्ट एकदम बंद करत नाही. पंखा पाचावरून थेट बंद करणं त्यांच्या लेखी पाप. पाच, चार, तीन असं उतरायचं आणि प्रत्येक आकड्यावर पंख्याला जरा उसंत द्यायची. टीव्हीचा आधी आवाज उतरवायचा, मग टीव्ही. फोन तर ते कापतच नाहीत. "बरं... बरं मग... बरं" करत आवाज इतका खाली नेतात की पलीकडच्याला वाटतं रेंज गेली, आणि तो बिचारा परत फोन करतो. एकदा त्यांनी ट्यूबलाइटला पंख्याचा रेग्युलेटर लावून घेतला. वायरमनने परोपरीने सांगितलं की ट्यूब अशी मंद होत नसते. दादा म्हणाले, तू लाव तर खरा. ट्यूब थोडा वेळ फडफडली आणि फट्‌कन विझली. त्या संध्याकाळी आमच्याकडे येऊन त्यांनी चहालाही हात लावला नाही. अंधाराचं त्यांना काही वाटलं नव्हतं, अशी एकदम विझली याचं वाईट वाटलं होतं.

भांडणाचंही तेच. पाण्यावरून तळमजल्याच्या अन्सारीभाईंशी त्यांचं एकदा कडाक्याचं वाजलं. मी गॅलरीतून ऐकत होतो, म्हणजे ऐकावंच लागत होतं. दादांनी सुरुवात वरच्या पट्टीत केली आणि मग प्रत्येक वाक्याला आवाज थोडा थोडा खाली घेत गेले. समोरच्याला कळलंच नाही, तोही त्यांच्याबरोबर उतरत गेला. शेवटी दोघं जिन्यात उभे राहून एकमेकांच्या कानात कुजबुजायला लागले. अन्सारीभाई डोकं खाजवत म्हणाले, "दादा, हम लोग झगड़ा कर रहे थे ना?" दादा म्हणाले, "था. अब सो गया."

तर दादांचा धंदा गाण्याचा. भिवंडीच्या आसपासच्या गावांत हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा मामला असतो. लग्न उरकतात, हळद साजरी करतात. त्या हळदीत नाचायला गाणारा लागतो आणि गेली कित्येक वर्षं तो गाणारा म्हणजे आमचे हिरूदादा. एकटे. मागे वाजवणारं कोणी नाही. एक माइक, एक टॅब, एक छोटा मिक्सर आणि दोन उंच स्पीकर. टॅबमध्ये ट्रॅक, म्हणजे गाण्यातला गायकाचा आवाज सोडून बाकी सगळं वाजवणं, आधीच भरून ठेवलेलं. ते स्पीकरमधून येतं आणि त्यावर दादा गातात.

ट्रॅकचा आवाज कमीजास्त करायला त्यांच्या पायाखाली एक पेडल असतं. "बोटाला घाम येतो, बोट सटकतं," असं त्यांचं म्हणणं. पाय त्या मानाने भरवशाचा. तो पेडलवरून घसरू नये म्हणून दादांनी आपली एक जुनी चप्पल पेडलवर स्क्रूने पक्की बसवून टाकली आहे. मांडवात ते आले की आधी पायातली चप्पल काढतात आणि त्या चपलेत पाय घालतात. मग पाय तिथून हलत नाही. हात माइकवर, डोळे नाचणाऱ्यांवर, आणि गाण्याचा लगाम त्या चपलेत.

या सगळ्यामागे त्यांचं एक तत्त्व आहे, आणि ते मी इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. "गाणं मारायचं न्हाय सुधा. निजवायचं." सुधा म्हणजे मी. हळदीच्या मांडवात गाणं पुरतं होऊ देतच नाही कोणी. नवरीला मधेच आत बोलावतात, मामा मधेच पोचतो, कोणाला तरी मधेच दुसरं गाणं हवं असतं. बाकीचे गाणारे अशा वेळी टॅबवर बोट मारतात आणि गाणं मधेच तुटतं. नाचणारे हात वर करून तसेच उभे राहतात. दादांचं तसं नाही. ते गातच राहतात, टाच हळूहळू खाली जाते, बेंजो मागे सरकतो, ढोलकी लांब गेल्यासारखी वाटते आणि दादा शेवटची ओळ जवळजवळ बोलल्यासारखी म्हणतात. तोपर्यंत नाचणाऱ्यांचे पायही आपोआप सैलावलेले असतात. गाणं कधी संपलं, हे कोणी सांगू शकत नाही. टाळ्यासुद्धा उशिरा पडतात, आणि दादांना तेवढ्याने समाधान वाटतं.

तरुणपणी ते लूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. मला वाटतं मूळ तिथेच आहे. कारखान्यात लाईट गेली की सगळे लूम एका क्षणात थांबतात, आणि ती शांतता, दादा म्हणतात, कानफटात बसते. कामतघरला, आमच्या या लूमच्या वस्तीत, राहणाऱ्या कोणालाही हे खोटं वाटणार नाही. त्या भीतीपोटी ते मांडवात इन्व्हर्टरची बॅटरी घेऊन जातात. लाईट गेली तरी गाणं मरायला नको. ही बॅटरी रिक्षापर्यंत कोण नेतं, तर मी. नकार देता आला असता. पण नकार तरी एकदम कसा द्यायचा, म्हणून मी हळूहळू द्यायचं ठरवलं आणि ते राहूनच गेलं. माझी कंबर आता कायमची दुखते.

दादांचा संसार नाही. दुसऱ्यांच्या लग्नांत गाता गाता स्वतःचं राहून गेलं, असं ते हसत सांगतात. माझी बायको मंगल त्यांना अधूनमधून भाकरी-कालवण पाठवते, आणि भांडं परत द्यायला आले की पुन्हा ते निरोपाचं सुरू होतं.

आता त्यांच्या एका खुळाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. गाण्यांच्या मधे दादा वादकांची ओळख करून देतात. जे नाहीतच, त्यांची. "बेंजोवर आपले युसूफभाई!" म्हणतात आणि मिक्सरवरची बेंजोची पट्टी वर ढकलतात. बेंजो जोरात वाजतो. "आणि ढोलकीवर शेलारचा गजानन केणे!" ढोलकी कडाडते. पोरं स्पीकरच्या मागे वाकून बघतात. म्हाताऱ्या बायका विचारतात, कुठं हाय तो? दादा एवढ्यावर थांबत नाहीत. स्टेजवर आपल्या डाव्या हाताला एक रिकामी खुर्ची ठेवतात, गजाची म्हणून. तिच्यावर हमखास कोणीतरी काका येऊन बसतात आणि दादा गाणं म्हणता म्हणता त्यांना डोळ्यांनी उठवतात. मी एकदा म्हटलं, दादा, लोक हसतात. ते म्हणाले, "हसू दे. वाजवतो तर तोच ना?"

ते खरं होतं. एके काळी दादांची वाजवणाऱ्यांची पार्टी होती, भरलेली, गाजलेली. मग मांडवांना एवढी माणसं नकोशी झाली. पार्टी मोडणार हे दिसायला लागलं तेव्हा दादा सगळ्यांना कल्याणच्या एका स्टुडिओत घेऊन गेले आणि सगळी गाणी वाजवून घेतली, प्रत्येकाचं वाजवणं वेगवेगळं. गजाच्या ढोलकीला तर दोन माइक लावले, दोन तोंडांना दोन. पुढे तेच ट्रॅक घेऊन दादा एकटे फिरायला लागले आणि युसूफभाई आखातात गेले. गजा मात्र आपल्या गावी, शेलारला, राहिला आणि रुसला. आपल्याच हातांनी आपलं काम घालवलं, असं तो गावात सांगत फिरायचा. दादांशी त्याने बोलणं सोडलं. दादा दर हळदीला त्याचं नाव घ्यायचे, आणि ते येऊन सांगणाऱ्याला तो दर वेळी शिवी द्यायचा.

मग गजाला लकव्याचा झटका आला. जीव वाचला, पाय सुधारला, उजवा हात शाबूत राहिला. डावा मात्र अर्धाच परत आला. आणि त्याच सुमारास त्याच्या मुलीचं, दीपालीचं लग्न ठरलं.

एका रविवारी सकाळी गजाची बायको, कमलवहिनी, थेट कामतघरला दादांकडे आली. मी तिथेच होतो, दादांच्या मिक्सरला ऊन लागू नये म्हणून खिडकीला पुठ्ठा लावत. वहिनी सांगत होती की हा माणूस हट्टाला पेटला आहे, मुलीच्या हळदीला मीच वाजवणार म्हणतो. हात एका गाण्यालाही पुरत नाही. थोडं वाजवलं की डावा लटकतो. सगळा गाव मांडवात असणार, आणि हा तिथे अर्ध्यात थांबला तर पुन्हा घराबाहेर पडणार नाही. तुम्ही त्याला समजवा. तुमचं ऐकेल, असं ती म्हणाली, आणि मग तिला आठवलं की बोलणं बंद आहे.

आम्ही शेलारला गेलो. म्हणजे मी स्कूटर चालवली आणि दादा मागे बसले. गजा ओटीवर ढोलकी मांडीवर घेऊन बसला होता. इतक्या वर्षांनी भेट, पण दोघांनी एकमेकांना धड पाहिलंही नाही. दादांनी वहिनीचं सांगणं जमेल तेवढं मऊ करून त्याच्यापुढे ठेवलं. गजाने ऐकून घेतलं आणि तो एवढंच म्हणाला:

"गावातल्या सगळ्यांच्या पोरींना मी नाचवलं हिऱ्या. माज्या पोरीला मशीनवर नाचवू?"

दादा उठून स्कूटरकडे निघाले. परत आल्यावर आमच्या जिन्यात ते थांबले आणि म्हणाले की हळदीच्या दिवशी मी गोदामातून लवकर निघावं आणि मांडवात पेडलच्या जवळ बसावं. कोणाचा पाय लागता कामा नये. का, ते सांगितलं नाही. मी रजा टाकली. रजा टाकून बॅटरी उचलायची, ही माझी सुट्टी.

हळद शेलारला, गजाच्या अंगणात. दुपार उतरली आणि मांडव भरला. हळद लागून झाली होती, पोरी पिवळ्याधमक होऊन नाचत होत्या, मागे मटणाच्या टोपांवरून वाफ येत होती. दादांनी आपली नेहमीची दोन-तीन गाणी म्हटली आणि निजवली. मग त्यांनी माइकमध्ये सांगितलं की आता नवरीचा बाप वाजवणार आहे. डावीकडची ती खुर्ची या वेळी खरंच भरली. गजा कोरा सदरा घालून आला होता. वहिनी दारात उभी होती आणि तिने पदर दातांत धरला होता.

गाणं सुरू झालं. बेंजो आणि बाकीचं ट्रॅकवर, ढोलकी मात्र गजाची, खरीखुरी. मी खाली बसलो होतो, मिक्सर माझ्या डोळ्यांसमोर होता. ढोलकीची उजव्या तोंडाची पट्टी पुरती बंद होती. पण त्या दिवशी दादांनी पेडल नेहमीच्या जागी जोडलं नव्हतं. ते ढोलकीच्या एकाच पट्टीला जोडलं होतं, डाव्या तोंडाच्या. जाड, घुमणाऱ्या आवाजाच्या. ट्रॅक सगळा चालूच होता, फक्त तेवढा आवाज त्यांच्या टाचेखाली दाबून धरलेला होता.

पहिलं कडवं गजाने असं वाजवलं की म्हातारे उठून उभे राहिले. दीपाली बापासमोर नाचत होती आणि एकसारखी त्याच्या हाताकडे बघत होती, तिलाही माहीत होतंच. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी मी पाहिलं, गजाचा डावा पंजा चामड्यावर पडतोय पण त्यात जोर नाही. घुमारा पातळ झाला. एकदा चुकला. त्याच्या कपाळावर घाम आला. आता हात थांबणार हे मला दिसलं. वहिनीने डोळे मिटून घेतले.

दादा गजाकडे वळलेसुद्धा नाहीत. गात होते. फक्त त्या स्क्रू मारलेल्या चपलेतला पाय हलायला लागला. इतका हळू, की मी शेजारी बसूनही आधी मला भास वाटला. घुमारा परत आला. गजाचा हात जसजसा बसत गेला तसतसा ट्रॅकमधला घुमारा खालून भरत गेला, त्याच्या हाताइतकाच, रतीभर जास्त नाही. गजाला कडव्यात लय सोडून थोडं पुढे पळायची खोड होती, आणि स्टुडिओतही तो तसाच, त्याच जागी पळाला होता. दोन्ही ढोलक्या बरोबर पळाल्या. उजवा हात आजच्या गजाचा, डावा तेव्हाच्या गजाचा. मांडवात कोणालाही काही कळलं नाही. दीपाली नाचायची थांबली नाही. मधेच गजाच्या हातात पुन्हा थोडी ताकद आली, तेव्हा दादांचा पाय तितकाच मागे आला आणि त्याला जागा करून दिली. गाणं पुरतं झालं. त्या दिवशी ते निजवावं लागलं नाही, कारण कोणी मधे तोडलंच नाही. लोकांनी गजाला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. वहिनी रडत होती आणि सगळ्यांना वाढायला बोलावत होती.

मंडळी जेवायला वळली तेव्हा मी वायरी गुंडाळत होतो. मी दादांना विचारलं की गजाच्या ढोलकीचं डावं तोंड तेव्हा वेगळं भरून घेतलं, ते असा काही प्रसंग येईल म्हणून का? दादा मान हलवून नाही म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले:

"घरी असलो ना सुधा, की बाकी सगळं खाली घेतो. बेंजो न्हाय, कीबोर्ड न्हाय. गजाला एकट्याला ठेवतो. मी गात न्हाय त्याच्यावर. नुसता बसतो. कोनी आलंय असं वाटतं."

दादांची खोली बरोबर माझ्या घराखाली आहे. ती ढोलकी मी रोज संध्याकाळी ऐकतो. मी तिला दादांची प्रॅक्टिस समजत होतो आणि वैतागत होतो. मला फार वाईट वाटलं आणि मी आणखी एक वायर गुंडाळली.

तेवढ्यात गजाने दादांना हाक मारली. तो अजून त्या खुर्चीवरच होता. कोणीतरी त्याच्या गालांना हळद फासली होती. डावा हात मांडीवर होता. दादा जवळ गेले, त्यांच्यामागे मी.

"हिऱ्या," गजा हळू आवाजात म्हणाला, "दुसऱ्या कडव्याला माजा डावा बसला व्हता."

दादांनी आपल्या पायाकडे पाहिलं.

"लगीन उरकलं की ये घरी. मशीन आनू नको."

"मग?" दादांनी विचारलं.

"मग काय. मी वाजवीन, तू गा. हात येईल तसा येईल. मधी थांबला तर तू पन थांब."

दादांनी मान डोलावली. मी रिक्षा बाहेर उभी असल्याचं सांगितलं, बॅटरी भरून ठेवल्याचंही सांगितलं. कोणी ऐकलं नाही. गजाने पायाने शेजारची सतरंजी जरा सारखी केली आणि दादा तिथे खाली बसले, त्याच्या खुर्चीला पाठ टेकून. वहिनीने दोघांत एकच ताट आणून ठेवलं. मी बाहेर जाऊन रिक्षावाल्याला सांगितलं, तू जा, आम्हाला वेळ आहे.